बालमंदिर, मानधन आणि तेडागर : चिमुरड्यांना शिकवणं 'व्रत' कसं झालं

लहान मुलांना शिकवणं म्हणजे देवाचं काम, हे आपण सगळेच म्हणतो. पण हे म्हणणं आलं कुठून ते बघायला जरा मागे जावं लागतं.

१५९७ साली रोममध्ये एका स्पॅनिश पाद्रीने गरीब पोरांसाठी फुकट शाळा काढली, पुढे त्यातून जो संघ उभा राहिला त्यांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांच्या जोडीला मुलांना शिकवण्याचं चौथं व्रत घेतलं. आपली मराठी ख्रिस्ती मंडळी याला पाचारण म्हणतात, म्हणजे देवाने हाक मारून बोलावलं. जर्मनीत १८३७ ला बालोद्यान, म्हणजे किंडरगार्टन, सुरू करणारा तर पाद्रीचाच मुलगा, प्रत्येक मुलात ईश्वरी अंश आहे असं मानणारा, आणि तरी १८५१ ला प्रशियाच्या सरकारने नास्तिकपणाचा ठपका ठेवून त्याच्या शाळांवर बंदी घातली. बंदी उठली १८६० ला, तोवर तो वारला होता.

बडोद्याची गोष्ट बडोदेकरांना काय सांगायची, १८९३ ला अमरेली भागात आणि १९०६ ला सगळ्या बडोदा राज्यात सक्तीचं शिक्षण आलं. पण त्या कायद्यात अगदी लहान पोरं नव्हतीच, ती आईच्या पदराशी. त्यांचा विचार झाला भावनगरला. तिथे १९२० ला वकिली सोडलेल्या एका गृहस्थाने बालमंदिर काढलं, लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणायचे, मिशीवाली आई. १९२३ ला राजकोटच्या अध्यापिका कॉलेजचं प्राचार्यपद सोडून एक मराठी बाई तिथे गेल्या, आणि त्यांनीच नंतर १९४५ ला बोर्डीला बालवाडी चालू केली.

आता बालमंदिर या शब्दावर थोडं थांबते, कारण सगळा गोंधळ इथेच आहे. मंदिर म्हटलं की देव कोण हा प्रश्न येतो. भावनगरच्या मंडळींच्या मनात देव म्हणजे मूल, 'बालदेवो भव', त्याला मारायचं नाही, घाबरवायचं नाही, त्याच्या हाताला काम द्यायचं. पण पुढे लोकांनी त्याच शब्दाचा दुसराच अर्थ घेतला की शिकवणारी म्हणजे पुजारीण, मग पुजारणीला पगार कसला, दक्षिणा पुरे! बोर्डीच्या बाईंनी वाडी आणि अंगण हे शब्द निवडले ते मला म्हणूनच आवडतात, वाडीत राबणाऱ्याला मजुरी द्यावी लागते हे कोणालाही कळतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला सरकारने अंगणवाडी हे नाव घेऊन देशभरात ३३ ठिकाणी लहान मुलांसाठी योजना सुरू केली, गुजरातमधलं ठिकाण आपल्या तेव्हाच्या वडोदरा जिल्ह्यातलं छोटा उदेपूर. आणि तिथेच ठरलं की अंगणवाडी चालवणाऱ्या बायका मानद सेविका, त्यांना वेतन नाही, मानधन. एका शब्दाने केवढा फरक पडला बघा, काम रोजचं, रजिस्टर रोजचं, पोषणाहाराचा हिशेब रोजचा, आणि कागदावर स्वयंसेवा. २०१८ च्या ऑक्टोबरपासून केंद्राचं मानधन सेविकेला ४५०० आणि मदतनीस बाईला २२५० झालं, राज्य वरून घालतं ते वेगळं. शेवटी दाहोद जिल्ह्यातल्या बायकाच सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि एप्रिल २०२२ ला निकाल लागला की यांना ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, मिळालीच पाहिजे. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा, योजना १९७५ ची, म्हणजे किती वर्षं गेली ते मोजा.

मी स्वतः एका खाजगी बालवाडीत बावीस वर्षं होते, बडोद्यात दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत. पगार वाढवायचं काढलं की ट्रस्टी म्हणायचे, "बेन, हे तर पुण्याचं काम." मला राग यायचा. पण पुण्याचं नव्हतं असंही मी म्हणणार नाही. जूनमधल्या पहिल्या आठवड्यात रडून लाल झालेलं पोर तिसऱ्या दिवशी गप्प होतं आणि आपलं एक बोट घट्ट धरून सगळा वर्ग फिरतं, त्याच्या तळहाताला घाम, केसांना खोबरेल तेलाचा वास, आपल्याला पाटीवर लिहायला दुसराच हात उरतो. चिंचोके मोजताना एकदा एक मुलगी पाचावर थांबली, सहावा मुठीत लपवून म्हणाली, "आ तमारो, बेन," म्हणजे हा तुमचा, बाई. हा आनंद पगारात बसत नाही, म्हणून पगारच द्यायचा नाही हे गणित मात्र मला कधीच पटलं नाही.

हल्ली बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, आली, २०२३ पासून गुजरातमध्ये पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलांची एकदम चर्चा सुरू झाली. सेविकेची चर्चाही थोडीफार होते. मदतनीस बाईची कोणीच करत नाही, जिला इकडे गुजरातीत तेडागर म्हणतात, बोलावून आणणारी. सकाळी ती चाळीतून दारोदार जाते, एकेका पोराला नावाने हाक मारते, कोणाला चप्पल घालते, झोपलेल्याला कडेवर घेते आणि सगळ्यांना घेऊन येते. पाचारण या शब्दाचा अर्थ कोणी विचारला की मी तिच्याकडे बोट दाखवते.