डिजिटल अरेस्ट आणि तोतया अधिकाऱ्यांची फोन फसवणूक

पोलीस, सीबीआय, बँक, महावितरण किंवा कुरियर कंपनीतून बोलतोय असं भासवून माणसाला घाबरवायचं, घाईत टाकायचं आणि त्याच्याच हाताने पैसे दुसऱ्याच्या खात्यात पाठवायला लावायचे, ही ती फसवणूक. खातं हॅक वगैरे बहुतेक वेळा झालेलंच नसतं, पिन माणूस स्वतः टाकतो, बँकेतून मोठी रक्कम पाठवायचा आरटीजीएसचा फॉर्म स्वतः भरतो. तोतये आपल्याकडे जुनेच आहेत, पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला होता आणि 1776 मध्ये त्याला मारेपर्यंत कोकणात त्याच्यामागे बरीच फौज पण जमली होती. पण तेव्हा तोतयाला निदान लोकांसमोर यावं लागायचं, आता तो मोबाईलवर येतो आणि तुम्हाला एकटं गाठतो. सगळा खेळ या एकटेपणावर चालतो.

सगळ्यात क्रूर प्रकार म्हणजे डिजिटल अरेस्ट. सुरुवात साधी असते, तुमच्या नावाचं पार्सल कस्टमने पकडलंय त्यात ड्रग्ज आणि पासपोर्ट सापडलेत, किंवा तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून घाणेरडे मेसेज गेलेत. मग कॉल "मुंबई क्राइम ब्रांच"ला जोडून देतात, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ चालू होतो, समोर युनिफॉर्ममधला माणूस, मागे बोधचिन्ह, वायरलेसचे आवाज, आणि थोड्या वेळात तुमच्या नावाचं अटक वॉरंट पीडीएफमध्ये हजर. पुढे सांगतात की केस गोपनीय आहे, घरात कुणाला बोललात तर त्यांना पण अटक होईल, कॅमेरा बंद करायचा नाही, झोपताना पण फोन समोर ठेवायचा. माणूस असा कित्येक तास, कधी कित्येक दिवस स्वतःच्याच घरात कोंडलेला राहतो. मग एफडी मोडून सगळे पैसे "आरबीआय व्हेरिफिकेशन"साठी एका खात्यात टाका, निर्दोष असाल तर परत मिळतील म्हणतात. बँकेत विचारलं तर मुलीच्या फ्लॅटसाठी पाहिजेत असं सांगा हे पण पढवून ठेवलेलं असतं, त्यामुळे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने आपुलकीने चार प्रश्न जास्त विचारले तर चिडू नका, अशा प्रश्नांमुळे काही लोक खरंच वाचलेत.

भारताच्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचं काहीही नाही. कुठलाच पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि कुठलंच कोर्ट पैसे तपासायला मागवून घेत नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या मन की बात मध्ये हे सांगितलं होतं आणि 1 डिसेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने या केसेसचा तपास सीबीआयकडे दिला.

असल्या गोष्टीला भोळे अडाणी लोकच फसतात हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. ऑगस्ट 2024 मध्ये लुधियानाच्या वर्धमान ग्रुपचे चेअरमन एस. पी. ओसवाल यांना 7 कोटींना फसवलं गेलं, त्यासाठी व्हिडिओवर सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी घेतली आणि तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या नावाने एक माणूस बसवला. एवढा मोठा उद्योग चालवणारा माणूस जिथे फसतो तिथे रिटायर्ड शिक्षकाला किंवा एकट्या राहणाऱ्या आजीला "एवढं कसं कळलं नाही" म्हणणं बरोबर नाही. ओसवालांनी तक्रार केली आणि त्यातले 5 कोटींहून जास्त परत मिळाले. घरचे ओरडतील या भीतीने जे गप्प बसतात त्यांचे पैसे मात्र तेवढ्यात दहा खाती फिरून जातात.

महाराष्ट्रात घरोघरी पोचलेला प्रकार म्हणजे वीजबिलाचा मेसेज. "मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री 9.30 ला लाईट कट होईल, अधिकाऱ्याला फोन करा" आणि खाली कुणाचा तरी दहा आकडी मोबाईल नंबर. फोन केला की गोड बोलून एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतात आणि फक्त 10 रुपये भरून बघा म्हणतात, ते भरताना तुमची स्क्रीन त्यांना दिसत असते, 10 रुपये निमित्त आहे, पाहिजे असतो तो पासवर्ड. महावितरणने असले मेसेज आमचे नाहीत हे वारंवार सांगितलंय. हल्ली ॲप डाउनलोड करा पण म्हणत नाहीत, सरळ एपीके फाईल, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणारी फाईल, व्हॉट्सॲपवर येते, कधी आरटीओचं चलन म्हणून, कधी लग्नाची पत्रिका म्हणून, आणि ती पण ओळखीच्या नंबरवरून, कारण त्या बिचाऱ्याचा फोन आधीच त्यांच्या ताब्यात गेलेला असतो. फाईल उघडून इन्स्टॉल केली, एसएमएसची परवानगी दिली, की ओटीपी तिकडे वाचले जातात. पत्रिका कधीच एपीके नसते, ती फोटो किंवा पीडीएफ असते.

यूपीआयचं एकच लक्षात ठेवा, पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. क्यूआर स्कॅन करणं पण देण्यासाठीच. जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला की "मी आर्मीत आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा" म्हणणारा भेटतोच. व्यक्तीने व्यक्तीला पैशाची रिक्वेस्ट पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली, पण तोतयांचं कोड पाठवणं चालूच आहे.

बँकेचा फोन खरा की खोटा हे आवाजावरून ओळखायच्या नादाला लागू नका. बँकांचे व्यवहाराचे कॉल 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे 140 वरून यावेत असा नियम आहे, वेबसाइटपण आता डॉट बँक डॉट इन वर गेल्यात, हे बघा जरूर, पण खरा उपाय जुनाच, फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण उलटा फोन करा. तो नंबर गूगलवर शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. आणि पैसे पाठवायच्या आधी घरातल्या, नाहीतर शेजारच्या एका तरी माणसाला मोठ्याने सांगा काय चाललंय ते. कुणाला सांगू नको म्हणणारा फोन आला की तिथेच कट करायचा.

पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा बँकेने दिलेला क्रमांक), तारीख-वेळ, रक्कम आणि समोरचा नंबर हाताशी ठेवा, चॅट डिलीट करू नका. 1930 वरून पुढच्या बँकेला कळवून त्या खात्यातली रक्कम गोठवता येते, ती खाती बऱ्याचदा कमिशनवर भाड्याने दिलेली असतात, म्हणून कुणालाही आपलं खातं वापरायला देऊ नका, चौकशी आधी खातेदाराची होते. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर होते. बँकेला लेखी कळवणं वेगळं, तेही त्याच दिवशी, कारण आरबीआयने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने आणलेल्या नियमाप्रमाणे ना तुमची चूक ना बँकेची अशा व्यवहारात 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. ओटीपी स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. 30 दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.