मुरलेलं लाकूड ‘मरत’ नाही

अखंड फळीचं टेबल घरी करायला घेतलं की कोणीतरी हमखास सांगतं, “लाकूड चांगलं मुरलंय, वर पॉलिश मारलंस की संपलं, आता ते हलणार नाही.” हे खरं नाही, आणि यापायी चांगल्या फळ्या चिरतात म्हणून लिहितोय.

लाकूड हवेतला ओलावा कायम घेत-सोडत राहतं. पॉलिश किंवा तेलाने हा वेग मंदावतो, थांबत नाही. कोकणातल्या जुन्या घरांत पन्नास वर्षांचं सागवानी दार श्रावणात चौकटीला घासतं ना, ते याचमुळे. लांबीत फरक पडतो नगण्य. फुगणं-आकसणं होतं रेषांच्या आडवं, म्हणजे रुंदीत. अडीच फूट रुंद सागाच्या फळीत पावसाळा ते उन्हाळा चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. आंब्याचं लाकूडही तसंच हलतं.

माझ्या पहिल्या टेबलाला मी लोखंडी फ्रेम आठ स्क्रूंनी गच्च आवळली होती. मे महिन्यात टोकापासून वीतभर चीर गेली, नेमकी दोन स्क्रूंच्या मधून.

आता फ्रेमला गोल भोक न पाडता फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट खाच पाडतो, वॉशर घालतो आणि स्क्रू बेताने आवळतो. फक्त मधली भोकं गोल. पॉलिशही वर-खाली सारखंच, दोन्ही टोकांना एक हात जास्त. खालची बाजू कोरी सोडली तर दोन बाजू ओलावा वेगवेगळ्या वेगाने घेतात आणि फळी वाकते.