इन्व्हर्टरची शिदोरी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. अशा वेळी इन्व्हर्टर असून नसल्यासारखा. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात, हाती लागतात सव्वा-दीड. दोन पंखे, चार दिवे आणि मोबाईलला एक रात्र पुरतात. पुढे बॅटरी भरायची कशाने?

याचं एक उत्तर म्हणून हल्ली सुटकेसएवढ्या इंधनघटाचं, म्हणजे फ्युएल सेलचं नाव घेतात. आवाज नाही, धूर नाही. पण घरासाठी तो घ्यावा का?

बॅटरी हा भरलेला रांजण. उपसला की संपला. इंधनघट ही चूल, सरपण घालाल तोवर चालणारी. फक्त या चुलीत जाळ नसतो. एका बाजूने हायड्रोजन येतो, प्लॅटिनमच्या संगतीत त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. मधला पातळ पडदा प्रोटॉनला पलीकडे सोडतो, इलेक्ट्रॉनला अडवतो. मग इलेक्ट्रॉन तारेतून वळसा घालून पलीकडे जातात, आणि हा वळसा म्हणजेच आपली वीज. पलीकडे हवेतला ऑक्सिजन भेटला की पाणी तयार होतं. कल्पना जुनी आहे. विल्यम ग्रोव्ह या वकिली करणाऱ्या वेल्श गृहस्थाने १८३९ मध्येच हे करून दाखवलं होतं. काम करताना एका घटातून जेमतेम ०.६-०.७ व्होल्ट मिळतात, म्हणून असे अनेक घट चवडीसारखे एकावर एक रचतात.

पेटीबद्दल एवढं पुरे. माझ्या मते इंधनघट घेताना आधी बघायचं ते सरपण.

हायड्रोजन सगळ्यात स्वच्छ, पण सगळ्यात आडमुठा. एक किलो हायड्रोजनमध्ये ३३ युनिट ऊर्जा असते आणि चांगला घट त्यातली निम्मी वीज म्हणून देतो. ऐकायला छान वाटतं. आता वेल्डिंगच्या दुकानात दिसतो तसा माणसाच्या छातीपर्यंत येणारा पोलादी सिलिंडर आठवा. पन्नासेक किलोच्या त्या लोखंडात, हवेच्या दीडशेपट दाबाखाली, हायड्रोजन मावतो फक्त सुमारे ६०० ग्रॅम. म्हणजे नऊ-दहा युनिट वीज. दोन माणसांनी उचलायचं ओझं, आणि हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी पेट घेणारा वायू. फ्लॅटच्या बाल्कनीत मी तरी ठेवणार नाही.

दुसरा मार्ग मिथेनॉलचा, म्हणजे एका द्रवरूप अल्कोहोलचा. जर्मनीच्या एसएफसी एनर्जी कंपनीचे ‘इफॉय’ घट युरोपात कॅरव्हॅनमधून फिरणारे लोक वर्षानुवर्षं वापरतात. त्यांचा दहा लिटरचा कॅन साडेआठ किलोच्या आत भरतो आणि देतो ११ युनिट. पन्नास किलोच्या सिलिंडरपेक्षा जास्त, आणि एका हाताने उचलता येईल असा! द्रव इंधनाची ही किमया आहे. तरी मिथेनॉलमधली तीन चतुर्थांश ऊर्जा वाया जातेच, कारण क्रिया मंद चालते आणि थोडं मिथेनॉल पडद्यातून पलीकडे झिरपतं.

मंदपणाचा दुसरा परिणाम जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो. अशा घटाची ताकद ४० ते ७५ वॅट, म्हणजे एका जुन्या पंख्याएवढी. मिक्सर किंवा फ्रिज त्यावर थेट चालणार नाही. पण ७५ वॅट चोवीस तास चालू ठेवले तर दिवसाला १.८ युनिट होतात, आणि आपल्या रात्रीच्या पंख्या-दिव्यांची गरज सव्वा युनिट. तेव्हा इंधनघट इन्व्हर्टरची जागा घेत नाही, तो त्याला दिवसभर घास भरवतो. बॅटरी हवीच.

किंमत मात्र हजारो युरोंत. रोजच्या दोन-तीन तासांच्या लोडशेडिंगसाठी एवढे पैसे घालणं मला तरी पटत नाही. तिथे बॅटरीच बरी. शिवाय मिथेनॉल हे तेच विष, ज्याने २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूतून शंभराहून अधिक माणसं दगावली. लहान मुलांच्या घरात तो कॅन कुलपातच हवा. शुद्धताही लागते; भेसळ असेल तर आतलं प्लॅटिनम निकामी होतं.

मोठ्या आकारात गणित वेगळं होऊ शकतं. २०१९ मध्ये सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळांनी पुण्याच्या थरमॅक्स कंपनीबरोबर ५ किलोवॅटचा देशी इंधनघट तयार केला. त्याचा रोख लहान कचेऱ्या, मोबाईल टॉवर अशा जागांकडे होता. तो काही उचलून माळ्यावर ठेवायची वस्तू नव्हे.

मग कोकणातल्या त्या घराचं काय? छपरावर ३०० वॅटचं सौर पॅनेल असेल तर ऊन असलेल्या दिवशी ते फुकटात सव्वा युनिट देतं, आणि माझा पहिला सल्ला तोच राहील. अडचण एवढीच की वादळ येतं जूनमध्ये. पत्रे उडतात तिथे पॅनेल टिकेलच असं नाही, आणि टिकलं तरी वर आभाळ गच्च. या दोन-तीन आठवड्यांपुरता इंधनघट खरोखर उपयोगी पडेल. रोज सव्वा युनिट धरलं तर एक कॅन आठ-नऊ दिवस जातो, म्हणजे तीन कॅन हवेत. आणि ते मे महिन्यातच आणून ठेवायला हवेत. वादळानंतर रस्त्यावर झाडं पडलेली असतात.