ऐतिहासिक चित्रपटांतील सेट-विस्तार

सेट-विस्तार : प्रत्यक्ष उभारलेल्या अर्धवट सेटला चित्रीकरणानंतर संगणकावर उरलेली वास्तू, शहर किंवा गर्दी जोडून एकसंध दृश्य तयार करण्याची पद्धत. किल्ले, राजवाडे आणि रणांगणे असलेल्या भव्य ऐतिहासिक चित्रपटांत ती सर्रास वापरतात. अशा वास्तू पूर्ण उंचीच्या बांधणे परवडत नाही. आणि सगळेच संगणकावर बनवले तर नटाच्या पायाखालची जमीन आणि अंगावरचा उजेड खरा वाटत नाही. बांधायचे किती, संगणकावर सोडायचे किती आणि दोन्हींचा सांधा कुठे आणायचा, हे सेटची पहिली फळी ठोकण्याआधीच ठरवावे लागते. तिथे चुकले तर पुढे कितीही खर्च करून ती चूक पुरती झाकली जात नाही.

युक्ती जुनी आहे. अमेरिकी चित्रपटकार नॉर्मन डॉन यांनी १९०७ च्या सुमारास कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर इमारतींचे पडलेले भाग रंगवून त्या पुन्हा उभ्या केल्यासारख्या दाखवल्या. १९२५ च्या ‘बेन-हर’मध्ये रथशर्यतीच्या मैदानाचा खालचा भाग खरा होता, वरचे सज्जे म्हणजे कॅमेऱ्याजवळ टांगलेली लहान प्रतिकृती होती आणि तिच्यातले चिमुकले प्रेक्षक हलवता येत. यामागचे गणित साधे आहे. सेट ६० मीटरवर असेल, तर एक दशांश मापाची प्रतिकृती ६ मीटरवर टांगली की दोन्ही एकाच आकाराची दिसतात. मात्र कॅमेरा फिरवायचा तर तो भिंगातल्या ठरावीक बिंदूभोवतीच फिरवावा लागतो, नाहीतर जवळची प्रतिकृती आणि लांबची भिंत एकमेकींवरून सरकताना दिसतात. २००० च्या ‘ग्लॅडिएटर’साठी माल्टामध्ये कोलोसियमचा सुमारे एक तृतीयांश घेर जवळपास ५२ फूट उंच बांधला आणि उरलेला घेर व वरचे मजले संगणकावर चढवले.

काय बांधायचे

जिथे हात लागतो, पाय पडतो, घोडा धावतो किंवा भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर येतो, ते बांधावे. उंचीचा हिशोब माणसांवरून होतो. घोडेस्वाराचे डोके जमिनीपासून साधारण अडीच मीटरवर असते आणि उचललेला भाला किंवा निशाण सहज चार मीटरच्या वर जाते. भिंत पाच-सहा मीटरपर्यंत खरी असेल तर केस, आयाळ आणि भाल्यांची टोके खऱ्या भिंतीवरच येतात. तीन मीटरवर थांबून लाकूड वाचवले, तर प्रत्येक फ्रेममध्ये केसांच्या कडा हाताने कापत बसावे लागते आणि वाचलेला पैसा तिथे दुप्पट जातो.

सांधा कोऱ्या भिंतीच्या मधोमध कधीही ठेवू नये. कंगोरा, छज्जा, तुळई, दगडांचा उठावदार पट्टा अशा ठिकाणी तो लपतो. संगणकावरच्या प्रतिकृतीत बांधलेला भागही पूर्ण बनवतात, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये सांधा मीटरभर वर-खाली सरकवता येतो. दगडांच्या थरांची उंची मात्र कलाविभागाने ठेवली तीच वरपर्यंत न्यावी लागते. खाली ४० सेंटीमीटरचे थर आणि वर नकळत ६० चे झाले, तर बुरूज भव्य दिसण्याऐवजी ठेंगणा दिसतो, कारण डोळा उंची दगड मोजूनच ठरवतो.

सेट कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे, हे सर्वांत जास्त दुर्लक्षित होते. चाळीस मीटरचा बुरूज पडद्यावर असणार असेल, तर त्याची सावली अंगणात पडायला हवी. पण सेटवर तो सहा मीटरचाच असल्याने अंगणात लख्ख ऊन असते. ही सावली नंतर रंगवता येते, पण माणसांवर पडणारे ऊन काढता येत नाही. म्हणून छायाचित्रणकार क्रेनवर मोठे काळे कापड ताणून न बांधलेल्या बुरुजाची सावली चित्रीकरणाच्या वेळीच पाडतात. उत्तर गोलार्धात उत्तराभिमुख दर्शनी भिंत दिवसाचा बराचसा वेळ सावलीत राहते; प्रकाश बदलायला नको असेल तर ते सोयीचे, उन्हातला दगड दाखवायचा असेल तर अडचणीचे.

चित्रीकरणाच्या दिवशी

सेट रंगवून, जुना दिसेल असा करून झाला की लायडर यंत्राने (लेसर किरणांनी अंतर मोजणारे यंत्र) त्याची मापे घेतात आणि पृष्ठभागाची छायाचित्रे एकमेकांवर साधारण ६० ते ८० टक्के येतील अशी काढतात. स्कॅननंतर कोणी दरवाजा हलवला किंवा भिंतीला पुन्हा रंगाचा हात दिला, तर स्कॅन पुन्हा घ्यावा. प्लास्टरवर पाऊस पडला तरी रंग गडद होतो आणि कोरड्या भिंतीवरून घेतलेला पोत जुळत नाही.

प्रत्येक शॉटसाठी भिंग, कॅमेऱ्याची उंची, कल आणि फोकसचे अंतर टिपतात. झूम भिंगावर ‘३५’ लिहिले आणि प्रत्यक्षात ३८ वर चित्रण झाले, तर संगणकातला कॅमेरा खऱ्याशी जुळवताना भिंत तरंगू लागते. रुंद भिंगात सरळ रेषा कडेला वाकतात, संगणकातली भिंत मात्र सरळच असते. म्हणून प्रत्येक भिंगाने चौकटींचा तक्ता चित्रित करून ते वाकणे मोजून ठेवतात. शॉटच्या शेवटी आरशासारखा एक आणि करडा एक असे दोन गोळे काही सेकंद धरतात. एकात आसपासचे सगळे प्रकाशस्रोत दिसतात, दुसऱ्यात उजेडाची दिशा आणि रंग. माणसे नसलेली रिकामी फ्रेमही तेव्हाच घेऊन ठेवावी. घाईत सर्वांत आधी हीच राहून जाते.

जिथे संगणकावरचे दृश्य बसवायचे, तिथे मागे हिरवी पाठ उभारतात; तो रंग नंतर संगणकावर सहज काढता येतो. उघड्यावर हिरवे कापड वाऱ्याने फुगते व सुरकुतते. म्हणून पुष्कळदा मालवाहू कंटेनर एकावर एक रचून हिरवे रंगवतात. चार रचले की दहा मीटरची पाठ मिळते आणि वाराही अडतो. पण चकाकते चिलखत हिरवा रंग लगेच पकडते. पाठ पाच मीटर तरी मागे ठेवावी आणि फ्रेमबाहेरची हिरवाई काळ्या कापडाने झाकावी. हिरवे पोशाख असतील तर निळी पाठ घेतात. टापांनी उडणाऱ्या धुळीत मात्र कोणतीच पाठ नीट चालत नाही. धूळ अर्धपारदर्शक असते आणि पाठीचा रंग तिच्यात मिसळतो. अशा शॉटला पाठ न लावता आकाशावर चित्रण करणे आणि काळ्या पार्श्वभूमीवर वेगळी घेतलेली धूळ नंतर सांध्यावर चढवणे जास्त भरवशाचे.

गर्दी

लहान जमाव वाढवण्यासाठी कॅमेरा घट्ट बांधून तीच माणसे एकेका पट्ट्यात बसवून चित्रण करतात आणि पट्टे जोडतात. ३०० जणांना दहा जागी बसवले की ३,००० होतात. अंगरखे, पागोटी प्रत्येक वेळी अदलाबदल करावी. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे सगळे पट्टे वीस-पंचवीस मिनिटांत उरकले नाहीत तर सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडतात.

सैन्यासाठी पुढच्या काही रांगा खऱ्या ठेवून मागचे सैनिक संगणकावर चालवतात. त्यांच्या हालचाली खऱ्या माणसांवरून टिपून घेतलेल्या असतात. दोष ठरलेले : पाय जमिनीवर घसरणे, शेकडो जणांचे पाऊल एकदम पडणे, भाल्यांचे कोन फार नेटके असणे. लायडरने मोजलेला जमिनीचा चढउतार संगणकात वापरला की पहिला दोष बहुतांशी जातो.

जोडणी

शेवटी कंपोझिटिंगमध्ये सगळे थर एकत्र येतात. लांबची प्रत्येक वस्तू हवेमुळे फिकी होते आणि तिच्यातला काळा रंग उजळतो. बुरुजाचा माथा पायथ्याइतकाच ठळक राहिला तर तो चिकटवलेला दिसतो. कॅमेऱ्याच्या चित्रात दिसणारे बारीक कण, हालचालीतला धूसरपणा आणि आकाशाचा उजेड कडांवर किंचित सांडणे हेही संगणकीय भागाला द्यावे लागते. मशालीचा हलता उजेड खालच्या खऱ्या दगडावर नाचत असेल, तर वरच्या दगडावरही त्याच लयीत नाचायला हवा.

अलीकडे पाठीमागे एलईडी पडद्यांची मोठी भिंत लावून दूरचे दृश्य चित्रीकरणाच्या वेळीच दाखवतात. दरबार, तंबू, संध्याकाळ यांसाठी ती उत्तम. चिलखतात हिरव्याऐवजी खरे आकाश उमटते. भर दुपारच्या कडक उन्हाची सावली मात्र तिच्याने पडत नाही, आणि कॅमेरा फार जवळ नेऊन तिच्यावर फोकस केला तर चित्रात लहरी उठतात. सेटची जमीन आणि भिंतीतली जमीन जिथे मिळते, तिथे खरी माती, दगड, झुडपे रचून तो सांधा मोडावा लागतो.