अमेरिकेतील कर्जमर्यादेचा पेच

अमेरिकेच्या केंद्र सरकारवर एकूण किती कर्ज असावे, याचा आकडा तिथल्या कायद्यातच लिहिलेला आहे. कर्ज त्या आकड्याला टेकले, की काँग्रेसने म्हणजे तिथल्या संसदेने तो वाढवून दिल्याशिवाय किंवा ठरावीक मुदतीपुरता स्थगित केल्याशिवाय अर्थखात्याला निव्वळ नवे कर्ज उभारता येत नाही. ही मंजुरी अडवून धरून राष्ट्राध्यक्षांकडून भलत्याच मागण्या पदरात पाडून घेण्याचा प्रयत्न होतो, त्यातून कर्जमर्यादेचा पेच उभा राहतो. १९९५-९६, २०११, २०१३ आणि २०२३ मधले पेच विशेष गाजले.

मर्यादा वाढवणे म्हणजे नवा खर्च मंजूर करणे नव्हे. खर्च किती आणि कर किती, हे काँग्रेसने आधीच ठरवलेले असते. दोहोंतली तूट भरायला लागणारे कर्ज तेवढे वेगळ्या मंजुरीवर अडकते. महिन्याचा किराणा आणून, शिजवून, खाऊन झाल्यावर वाण्याचे बिल द्यायचे की नाही यावर घरात मतदान घ्यावे, तसाच हा प्रकार. ‘शटडाऊन’शीही याची गल्लत होते. शटडाऊनमध्ये खर्चाची वार्षिक मंजुरी संपलेली असते, म्हणून काही कार्यालये बंद पडतात. कर्जमर्यादेच्या पेचात खर्चाला मंजुरी असते, पण तिजोरीत पैसा नसतो. त्यामुळे रोख्यांवरचे व्याज, निवृत्तिवेतन, सैनिकांचे पगार यांपैकी काहीही थकू शकते.

ही मर्यादा मुळात सरकारचा हात मोकळा करण्यासाठी आली, हे आज कुणाला खरे वाटणार नाही. राज्यघटनेनुसार कर्ज काढण्याचा अधिकार काँग्रेसचा. पूर्वी ती एकेका कामासाठी वेगवेगळ्या रोख्यांना मान्यता देत असे. पहिल्या महायुद्धाच्या खर्चापुढे ही पद्धत टिकणारी नव्हती, म्हणून १९१७ च्या कायद्याने अर्थखात्याला ठरावीक मर्यादेत स्वतः निर्णय घेण्याची मुभा मिळाली. १९३९ मध्ये बहुतेक सर्व कर्जाला मिळून ४५ अब्ज डॉलरची एकच मर्यादा लागू झाली. अडवणूक मात्र लवकरच सुरू झाली: १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मागितलेली वाढ सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, रोखली. अर्थखात्याच्या हिशेबाप्रमाणे १९६० नंतर ७८ वेळा मर्यादा वाढवली, लांबवली किंवा तिची व्याख्या बदलली गेली. त्यांपैकी ४९ वेळा अध्यक्ष रिपब्लिकन होते.

मर्यादा गाठली, की लगेच पैसे संपत नाहीत. अर्थखाते ‘असाधारण उपाय’ हाती घेते. नाव भारदस्त असले तरी हा हिशेबातला खेळ आहे. उदाहरणार्थ, सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिबचतीचा ‘जी फंड’ विशेष सरकारी रोख्यांत असतो आणि त्यातली रक्कम रोज नव्याने गुंतवली जाते. एखाद्या दिवशी ती गुंतवलीच नाही, तर कागदावरचे कर्ज तेवढ्याने घटते आणि बाजारातून तेवढे नवे कर्ज घेता येते. मर्यादा वाढली, की ही रक्कम व्याजासकट भरून दिली जाते. हे उपायही संपतात तो दिवस म्हणजे ‘एक्स डेट’. कराचा भरणा रोज कमीजास्त होत असल्याने ही तारीख नेमकी सांगता येत नाही. २०२३ मध्ये अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी आधी १ जून आणि मग ५ जून सांगितली. मेअखेरीस तिजोरीतली रोकड ४० अब्ज डॉलरच्या खाली गेली होती आणि जूनच्या सुरुवातीला मुदत संपणाऱ्या अल्पमुदतीच्या रोख्यांवरचा परतावा ७ टक्क्यांच्या पुढे गेला होता.

सर्वांत महागात पडला तो २०११ चा पेच. सरकारी खर्च आणि कर कमी करा म्हणणाऱ्या ‘टी पार्टी’ चळवळीच्या लाटेवर निवडून आलेल्या रिपब्लिकन सदस्यांनी खर्चकपातीशिवाय मर्यादा वाढवायला नकार दिला. कनिष्ठ सभागृहाचे रिपब्लिकन सभापती जॉन बेनर आणि अध्यक्ष बराक ओबामा यांची मोठ्या समझोत्याची बोलणी फिसकटली. अखेर अर्थखात्याने सांगितलेल्या शेवटच्या दिवशी, २ ऑगस्टला, कायदा झाला. त्यात पुढच्या दहा वर्षांच्या खर्चावर मर्यादा आल्या. तीनच दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचे मानांकन सर्वोच्च ‘एएए’वरून ‘एए प्लस’वर आणले. गंमत अशी, की घाबरलेले गुंतवणूकदार पुन्हा त्याच अमेरिकी रोख्यांकडे धावले आणि त्यांचे व्याजदर उतरले. तरीही पेचाच्या काळात कर्ज महागल्याने त्या आर्थिक वर्षात सुमारे १.३ अब्ज डॉलर जादा मोजावे लागले, असा सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाचा अंदाज आहे.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यावरून शटडाऊन आणि कर्जमर्यादा हे दोन्ही प्रश्न एकदमच पेटले; रिपब्लिकनांच्या हाती फारसे काही लागले नाही. २०२३ मध्ये अध्यक्ष जो बायडन आणि सभापती केव्हिन मॅकार्थी यांच्यात तडजोड झाली, ३ जूनला कायदा झाला आणि मर्यादा १ जानेवारी २०२५ पर्यंत स्थगित राहिली. या तडजोडीवर नाराज असलेल्या स्वपक्षीयांपैकी काहींनी विरोधकांसोबत मतदान करून ऑक्टोबरमध्ये मॅकार्थींना सभापतिपदावरून हटवले. स्थगितीची मुदत संपल्यावर, तोवर झालेले कर्ज जमेस धरून, नवी मर्यादा ३६.१ लाख कोटी डॉलर ठरली. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचेच बहुमत असल्याने कर आणि खर्चाच्या एकाच मोठ्या कायद्यातून ती आणखी ५ लाख कोटींनी वाढली. त्या वेळी वित्तीय शिस्तीचा आग्रह कितीतरी मवाळ झाला होता. हे दोन्ही पक्षांचे आहे: सिनेटर असताना २००६ मध्ये खुद्द डेमोक्रॅट ओबामांनी वाढीविरुद्ध मत दिले होते आणि पुढे ती चूक असल्याचे कबूल केले.

पळवाटाही सुचवल्या गेल्या. प्लॅटिनमच्या नाण्याची दर्शनी किंमत कायद्याने बांधलेली नाही, तेव्हा एक लाख कोटी डॉलरचे नाणे पाडून ते फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेत जमा करावे, ही त्यांतली सर्वांत चमत्कारिक. अर्थखात्याने २०१३ मध्ये ती फेटाळली. कायदेशीर सार्वजनिक कर्जाच्या वैधतेवर प्रश्न उपस्थित करता येणार नाही, असे १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती म्हणते. तिच्या आधारे मर्यादाच झुगारावी, असे काही कायदेपंडितांचे मत आहे. आजवर एकाही अध्यक्षाने ते धाडस केलेले नाही.

मर्यादेमुळे अमेरिकेने जाणूनबुजून कर्ज बुडवल्याचे उदाहरण नाही. १९७९ च्या वसंतात मात्र सुमारे १२ कोटी डॉलरच्या रोख्यांचे पैसे छोट्या गुंतवणूकदारांना उशिरा मिळाले. मर्यादा ऐनवेळी वाढली होती आणि त्यातच अर्थखात्याची यंत्रे बिघडली होती.

संसदीय पद्धतीत असा पेच सहसा उद्भवत नाही, कारण तिथे कर्जाच्या मंजुरीवर हरलेले सरकारच टिकत नाही. डेन्मार्कमध्ये कायदेशीर मर्यादा आहे, पण ती इतकी उंच ठेवलेली आहे की कर्ज तिच्या जवळपासही जात नाही. भारताच्या राज्यघटनेतील अनुच्छेद २९२ नुसार संसद केंद्राच्या कर्जावर मर्यादा घालू शकते. ती घातली जाईल अशी अपेक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत बोलून दाखवली होती. प्रत्यक्षात २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने तुटीची आणि पुढे कर्जाची उद्दिष्टे ठरवली, पण ती ओलांडल्याने कर्जउभारणी थांबत नाही. भारतात खरी ओढाताण होते ती केंद्र आणि राज्यांत. केंद्राचे कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला अनुच्छेद २९३ नुसार नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. केंद्राने घातलेल्या मर्यादेविरुद्ध केरळने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि एप्रिल २०२४ मध्ये तो घटनापीठाकडे सोपवण्यात आला.