शर्टाचा डावा खिसा

पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोके देणारे छोटे यंत्र, बसवल्यावर मोबाइल वापरता येतो का? येतो, अगदी बिनदिक्कत. फक्त तो ठेवायचा कुठे, याची काळजी घ्यायला हवी. पेसमेकर बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत असतो आणि शर्टाचा खिसाही नेमका तिथेच.

पेसमेकर हृदयाचे विद्युत संकेत सतत ऐकत असतो. हे संकेत काही मिलीव्होल्टचे, म्हणजे फारच क्षीण. जुने जीएसएम (टूजी तंत्राचे) फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओलहरींचे झटके सोडत. कॉल येण्याआधी जवळच्या स्पीकरमधून येणारी ती टर्रटर्र अनेकांना आठवत असेल. स्पीकरची तार तेव्हा नकळत एरियल बनायची. तसाच गोंगाट पेसमेकरपासून हृदयापर्यंत गेलेल्या तारेत शिरला, तर हृदय आपणहून धडकतेय असा त्याचा समज होऊ शकतो आणि गरज असतानाही तो ठोका देत नाही. १९९७ साली अमेरिकेत ९८० पेसमेकरधारकांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फोन थेट यंत्रावर धरला तेव्हा काहींच्या बाबतीत असा गोंधळ झाला. नेहमीसारखा कानाला लावल्यावर मात्र धोकादायक म्हणावे असे काहीच घडले नाही. पुढे पेसमेकरमध्ये चांगले फिल्टर आले आणि ही भीती बरीच ओसरली.

मग २०२० च्या सुमारास फोनच्या पाठीत लोहचुंबकांचे कडे आले, वायरलेस चार्जर नीट चिकटावा म्हणून. इथे गोष्ट वेगळी आहे. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारा स्विच मुद्दाम ठेवलेला असतो. डॉक्टरांनी छातीवर चुंबक धरला की पेसमेकर हृदयाचे ऐकणे थांबवून ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो. जीवघेणी लय ओळखून शॉक देणारे यंत्र, म्हणजे आयसीडी, असेल तर ते शॉक देणेच तात्पुरते बंद करते. यासाठी साधारण १० गॉसचे (गॉस हे चुंबकी क्षेत्र मोजण्याचे एकक) क्षेत्र पुरते. आयफोन १२ छातीजवळ नेताच एका रुग्णाचा आयसीडी असा थांबल्याची नोंद डॉक्टरांनी २०२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध केली.

एअरप्लेन मोडवर इथे विसंबू नका. त्याने रेडिओ बंद होतो, चुंबक नाही! चुंबकी फोन-कव्हर आणि इअरबडच्या डब्या यांतही चुंबक असतात, याकडे कोणाचे फारसे लक्षच जात नाही.

उपाय अंतराचा. लहान चुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनाने घटतो. अंतर दुप्पट केले की तो जेमतेम आठवा हिस्सा उरतो. म्हणून फोन यंत्रापासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटीमीटर. यंत्र डावीकडे असेल तर फोन उजव्या कानाला लावावा. उशीजवळ फोन घेऊन झोपू नये, कारण झोपेत आपण कुठे वळतो ते कळत नाही.

अतिदक्षता विभागातही अंतराचेच महत्त्व. नेदरलँड्समध्ये ६१ उपकरणांजवळ फोनचे संकेत सोडून पाहिले, तेव्हा बिघाड घडवणारे अंतर बहुतेक वेळा काही सेंटीमीटरच होते, क्वचित बरेच जास्त. व्हेंटिलेटरवर किंवा औषधाच्या पंपावर फोन ठेवणे म्हणूनच वाईट. मीटरभर लांब राहावे. जाड भिंतींआड रेंज कमी असली की फोन आणखी जोर लावून लहरी सोडतो, हेही ध्यानात असू द्या.

फोन जवळ असताना चक्कर आली किंवा छातीत धडधडले, तर तो आधी दूर करा. चुंबक हटला की यंत्र सहसा पूर्ववत चालू लागते. तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, म्हणजे ते यंत्रातली नोंद तपासून पाहतील.