परतीच्या वाटेचा प्रश्न: फिक्स्ड रिलीज ते रोलिंग

लिनक्सचा संगणक फिक्स्ड रिलीजवरून (ठरावीक काळाने गोठवून काढलेली आवृत्ती) रोलिंगवर (जिथे नवी पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामचे तयार संच, सतत येत राहतात) न्यायला फारसं काही करावं लागत नाही. पॅकेजेस कुठून आणायची हे सांगणारी फाइल उघडायची, त्यातलं आवृत्तीचं नाव बदलायचं आणि पूर्ण अपग्रेड चालवायचं. डेबियन या डिस्ट्रोमध्ये (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सवर उभी केलेली पूर्ण प्रणाली) स्टेबल या गोठवलेल्या शाखेच्या जागी 'सिड' या सतत बदलणाऱ्या शाखेचं नाव लिहायचं. ओपनसूझ या दुसऱ्या डिस्ट्रोमध्ये लीप या फिक्स्ड आवृत्तीच्या रिपॉझिटऱ्या (पॅकेजेसची कोठारं) काढून टम्बलवीड या रोलिंग आवृत्तीच्या घालायच्या आणि 'झिपर डप' ही अपग्रेडची आज्ञा द्यायची. जाण्याची सोय जुनीच आहे. नव्हती ती परत येण्याची, आणि रोलिंग रिलीजचा इतिहास मला तरी मुख्यतः त्या परतीच्या वाटेचा इतिहास वाटतो.

आधी फिक्स्ड रिलीज आलं कुठून ते पाहू. १९९३ च्या जुलैत पॅट्रिक व्होल्कर्डिंगने स्लॅकवेअर काढलं, ऑगस्टमध्ये इयन मर्डॉकने डेबियनची घोषणा केली. तेव्हा पूर्ण डिस्ट्रो लोकांच्या हाती पडायची ती बहुतेक वेळा फ्लॉपीच्या गठ्ठ्यातून किंवा सीडीवरून. सीडी एकदा छापली की छापली, त्यामुळे एक दिवस ठरवून सगळं गोठवणं भागच होतं. डेबियनला याचा चटकाही बसला. एका सीडी विक्रेत्याने अर्धवट अवस्थेतलीच प्रत '१.०' म्हणून बाजारात आणली. गोंधळ नको म्हणून डेबियनने तो आकडाच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये थेट १.१ काढली.

पुढे इंटरनेट वेगवान झालं तरी गोठवण्याची पद्धत टिकली, कारण तिचा दुसरा फायदा तोवर लक्षात आला होता: हजारो पॅकेजेस एकमेकांशी जुळवून तपासायची आणि नंतर फक्त सुरक्षेच्या आणि मोठ्या दोषांच्या दुरुस्त्या द्यायच्या. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना याहून वेगळं काही नको असतं. डेस्कटॉपवाल्यांचे मात्र हाल झाले. डेबियन ३.० जुलै २००२ मध्ये आली आणि ३.१ थेट जून २००५ मध्ये. मधल्या काळात कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, २.६ मालिका येऊन दीड वर्ष झालं होतं. उबुंटूने ऑक्टोबर २००४ मध्ये दर सहा महिन्यांचं वेळापत्रक घेऊन पाऊल टाकलं ते याच पोकळीत. ज्यांना तेवढंही थांबायचं नव्हतं ते डेबियनच्याच अनस्टेबल शाखेवर, म्हणजे सिडवर, जाऊन बसले. २००० च्या अखेरीस 'टेस्टिंग' ही मधली पायरीही तयार झाली होती: पॅकेजने तातडीनुसार २, ५ किंवा १० दिवस अनस्टेबलमध्ये काढायचे, नवा गंभीर दोष निघाला नाही तर पुढे सरकायचं. या शाखा विकासकांसाठी होत्या. लोकांनी त्या राहायला घेतल्या.

इथून परत फिरायचं म्हटलं की अडायचं. पॅकेज बसवताना चालणाऱ्या स्क्रिप्ट जुन्या सेटिंग्ज नव्या रूपात नेतात; उलटं नेणाऱ्या स्क्रिप्ट सहसा कोणी लिहीत नाही. ग्लिबसी या जवळपास सगळ्या प्रोग्रामना लागणाऱ्या मूळ लायब्ररीच्या नव्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्राम जुन्या ग्लिबसीवर उघडेलच असं नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसची मुख्य आवृत्ती बदलून डेटा नव्या रचनेत नेला, की जुना सर्व्हर त्या फोल्डरवर सुरूच होत नाही. एपीटी या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या अवजारात पिनची (कुठली आवृत्ती घ्यायची ते ठरवणाऱ्या नियमाची) प्राथमिकता १००० च्या वर ठेवून पॅकेजेस मागे खेचता येतात, पण डेबियन अशा डाउनग्रेडची जबाबदारी घेत नाही. 'बॅकअप घ्या आणि नव्याने बसवा' हाच बरीच वर्षं प्रामाणिक सल्ला होता.

मार्च २००२ मध्ये जड विनेटचं आर्च आणि डॅनियल रॉबिन्सचं जेंटू १.० या रोलिंग डिस्ट्रो एकाच महिन्यात आल्या. इथे परतायला स्टेबल शाखाच नव्हती. आर्चच्या सुरुवातीच्या क्रमांकित आवृत्त्या म्हणजे प्रत्यक्षात बसवण्याच्या चकत्या. एकदा बसवलं की पॅकमन हे आर्चचं पॅकेज-अवजार पुढे नेत राहणार. त्याची किंमत वापरणाऱ्याने लक्ष देऊन चुकवायची. जुलै २०१२ मध्ये आर्चने 'लिब' या प्रणालीच्या लायब्ररींच्या फोल्डरचं रूपांतर दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यात केलं. बातम्यांच्या पानावर आधी काय तपासायचं ते लिहिलं होतं आणि सक्तीचा पर्याय वापरू नका असंही बजावलं होतं. ज्यांनी न वाचता सक्ती केली त्यांचा संगणक पुन्हा सुरू झाला नाही. आर्चच्या लोकांचा 'आधी बातम्या वाचा' हा हेका मला रास्तच वाटतो, पण सगळा भार वाचणाऱ्यावर टाकणारी व्यवस्था फार लोकांना पेलत नाही.

हे गणित बदललं ओपनसूझने. लिनक्स कर्नलचे विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २०१० च्या अखेरीस मांडलेलं टम्बलवीड आधी स्थिर आवृत्तीवर नवी पॅकेजेस चढवणारा थर होतं. नवी आवृत्ती आली की तो थर रिकामा व्हायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये ते फॅक्टरी या विकासशाखेत विलीन झालं आणि खऱ्या अर्थाने रोलिंग बनलं. सोबत होतं ओपनक्यूए हे स्वयंचलित चाचणीचं साधन, जे आभासी यंत्रांत प्रणाली बसवतं, चालवतं आणि पडद्यावरची चित्रं ताडून पाहतं. चाचणीत गंभीर काही सापडलं तर तो संच बाहेर पडत नाही. त्याच महिन्यात आलेल्या ओपनसूझ १३.२ ने डिस्कच्या मुख्य विभाजनासाठी (पार्टिशनसाठी) बीटीआरएफएस ही फाइल-प्रणाली मूळ निवड केली. त्यामुळे स्नॅपर हे अवजार प्रत्येक अपडेटच्या आधी आणि नंतर स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेऊ लागलं. बिघडलं तर बूट मेनूतून जुना स्नॅपशॉट निवडायचा. टम्बलवीडवरून लीपवर येणं यामुळे सोपं झालं नाही, पण कालच्या टम्बलवीडवर जाणं झालं, आणि बहुतेकांना तेवढंच हवं होतं. वापरणाऱ्याच्या फाइल्स आणि सेटिंग्ज असलेला होम फोल्डर यात येत नाही, ही मेख मात्र राहिली. प्रणाली मागे गेली तरी प्रोग्रामची प्रोफाइल (त्याच्या सेटिंग्ज) पुढचीच राहते, आणि फायरफॉक्स ६७ पासून तर जुना फायरफॉक्स नवी प्रोफाइल उघडायला थेट नकार देतो.

मग डिस्ट्रोंनीच रस्ते बदलले. डेबियन स्टेबलवर उभी असलेली काली ही सुरक्षा तपासणीची डिस्ट्रो जानेवारी २०१६ मध्ये टेस्टिंगवर आधारित रोलिंग झाली, कारण सुरक्षा तपासणीची अवजारं जुनी असून चालत नाहीत. लिनक्स मिंटची डेबियन आवृत्ती उलट्या दिशेने गेली: २०१० मध्ये टेस्टिंगवर सुरू होऊन पुढे स्टेबलवर स्थिरावली. उबुंटूत २०१३ मध्ये रोलिंगची चर्चा झाली, पण शेवटी सहामाही आवृत्त्या राहिल्या. त्यांना अपडेट मिळण्याची मुदत तेवढी १८ महिन्यांवरून ९ वर आली. सर्वांत कडवट बदल सेंटओएस या सर्व्हरवरच्या डिस्ट्रोचा. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ पुढच्या वर्षअखेर संपेल, पुढे फक्त सेंटओएस स्ट्रीम ही सतत पुढे सरकणारी आवृत्ती. स्ट्रीम एका मुख्य आवृत्तीच्या चौकटीतच सरकतं, त्याला आर्चच्या रांगेत बसवणं बरोबर नाही. पण दहा वर्षांच्या भरवशावर सर्व्हर उभे करणाऱ्यांसाठी तो न मागितलेला बदल होता. रॉकी आणि अल्मा या पर्यायी डिस्ट्रो त्यातूनच उभ्या राहिल्या.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या अवजाराच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये लपवलेलं मागचं दार, म्हणजे परक्याला आत शिरू देणारी छुपी वाट, सापडलं. सिड, टम्बलवीड आणि फेडोराची विकासशाखा रॉहाइड इथपर्यंत ते पोचलं होतं. डेबियन स्टेबलपर्यंत नाही. ते सापडलं कसं? विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियन सिडवर एसएसएच लॉगिन (दुरून संगणकात शिरणं) अर्धा सेकंद रेंगाळताना दिसलं म्हणून. फिक्स्डवाले आणि रोलिंगवाले दोघेही हे उदाहरण आपल्या सोयीने देतात.

व्हॉल्व या गेम कंपनीने २०२२ मध्ये स्टीम डेक या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी स्टीमओएस ३ ही प्रणाली आणताना डेबियनचा पाया सोडून आर्चचा घेतला. वापरणाऱ्याला मात्र पॅकमनचा रोजचा प्रवाह मिळत नाही. आर्चचा एक टप्पा गोठवून, तपासून त्याची पूर्ण प्रतिमा पाठवली जाते. ती डिस्कवरच्या विभाजनांच्या दोन संचांपैकी वापरात नसलेल्या संचावर उतरते आणि नवी सुरू झाली नाही तर यंत्र जुन्या संचावर परत येतं.